कवटीची पाटी

दारावर थाप पडली आणि आया पार्बताबाईचा भाकरीचा घास हातातच राहिला.

पॅनेल रूममध्ये बसायला मनाई होती. दारावर कवटीची पाटी होती, म्हणून दवाखान्यातले साहेब लोक तिकडं फिरकत नसत. अकोल्याच्या मे महिन्यात आया-वॉचमनला गार वारा मिळावा अशी तेवढीच एक जागा. एसी विजेच्या डब्यांसाठी होता. डबे तापले तर ऑपरेशन थांबतं. आया तापली तर काही थांबत नाही.

"उघडा हो. मी अमरावतीची इंजिनिअर, रश्मी."

पार्बताबाईनं ताट बॅटऱ्यांमागं सरकवलं. शालिकराम वॉचमननं रिमोट खिशात घातला. बाकीचे उभे राहिले, अन् वायरमन नत्थुजीनं दार उघडलं. उन्हानं लालबुंद झालेली पोरगी आत आली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथंच खाली बसली.

"दवाखान्याची नवी इमारत होऊन राहिली न," ती म्हणाली. "ती बांधायच्या आधी आमी कॉम्प्युटरात बांधून पाह्यतो. कोनती खोली किती तापते, एसी किती वीज खाते. आधी ही जुनी इमारत मीटरच्या आकड्याशी जुळवून पाह्यली. सगळ्या खोल्या जुळल्या, हीच जुळत नाही. डब्यांची सगळी गरमी धरली, तरी इथला एसी हिशेबाच्या दीडपट चालते. आज जुळलं नाही तर साहेब हे काम दुसऱ्याले देनार हाय."

पडद्यावर एक निळी चौकोनी खोली होती. पार्बताबाई वाकली. "आन हे शून्य कायचं?"

"मानसं. या खोलीत मानसं नसतात न, मावशी."

नत्थुजी छताकडं पाहू लागला. मग त्यानं पार्बताबाईला डोळ्यानं खुणावलं : गप राय.

पार्बताबाईनं पोरीकडं पाहिलं. ओठ सुकलेले, केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"जेवली का तू?"

"नाही. हे जुळलं की जेवीन."

पार्बताबाईनं बॅटऱ्यांमागून ताट ओढलं. भाकर, बेसन, ठेचा. "पह्यले जेव. आन त्या शून्याच्या जागी आठ लिही. दुपारून आमी आठ जनं असतो इथं."

"घालवली खोली!" नत्थुजीनं कपाळाला हात लावला.

रश्मीनं घास चावता चावता एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. मग हसत सुटली, ठेच्यानं ठसका लागेपर्यंत. "आन एसी कितीवर ठेवता?"

शालिकरामनं रिमोट हळूच पुढं केला. अठरा.

"डब्यांले सत्तावीस बी चालते, बाबा!"

"डब्यांले चालते," शालिकराम म्हणाला. "मले नाही चालत."

तिनं आठ माणसं भरली, एसी अठरावर धरला. हिशेब मीटरच्या आकड्याशी येऊन टेकला. ती टाळी वाजवणार होती, पण समोरचे आवराआवर करू लागले होते. पार्बताबाई चटईची गुंडाळी करत होती.

"थांबा न, मावशी," रश्मी म्हणाली. "इथं बसनं खरंच धोक्याचं हाय, ते मी लिहीनच. पन थांबा."

ती पुन्हा लॅपटॉपवर वाकली. नव्या इमारतीत पॅनेल रूमच्या बाजूला तिनं एक छोटी खोली काढली, तिच्यात आठ माणसं टाकली, आणि डब्यांचा एसी सत्तावीसवर नेला. आकडे फिरले, थांबले.

"पाहा. तुमाले येगळी गार खोली देली, तरी वीज कमीच लागते. साहेबाले हेच दाखवीन. बचत म्हटली की साहेब लोकं मान हलवतात."

पार्बताबाईनं पदरानं हात पुसला आणि पडद्यावरच्या छोट्या खोलीवर बोट ठेवलं. "म्हंजे हे आमी?"

"तुमीच."

पार्बताबाईनं खोलीतल्या आठाच्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग पोरीच्या ताटात अजून अर्धी भाकर टाकत म्हणाली,

"मंग एक काम कर, माय. त्या दारावर बी कवटीची पाटी लाव. नाहीतर साहेब लोकंच येऊन बसतीन."