घरच्यांना एक प्रश्न

"आता डावा डोळा झाका," डॉक्टर पडद्याआड म्हणाले.

बाहेर बाकावर बसलेल्या पौर्णिमाला नवऱ्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. भिंतीवरची अक्षरं गजेंद्र पाठ म्हटल्यासारखी वाचत होता. शेवटच्या ओळीत अडखळला, थांबला, मग तीही म्हणाला.

डोळे झाले.

विमान चालवायचं त्याचं खाजगी लायसन कधीच संपलं होतं. ते पुन्हा सुरू करायचं तर आधी ही तपासणी, मग प्रशिक्षकाला शेजारी बसवून एक उड्डाण. तेवढं झालं की गजेंद्र मोकळा. आभाळात एकटा.

हे सगळं पौर्णिमानंच काढलं होतं. त्यानं आधी हात झटकले. "आता कायले? पन्नाशी उलटली माही." ती मागेच लागली. उड्डाण क्लबला फोन तिनं केला, अकोल्याच्या या डॉक्टरांची वेळ तिनं घेतली, आणि आज अमरावतीहून गाडीही तिनंच चालवत आणली. गजेंद्रची कंबर धरली होती. हल्ली तो स्टिअरिंगला हात लावत नव्हता.

बडनेरा मागे पडल्यावर त्यानं रोजचाच प्रश्न विचारला होता.

"रात्री बरा झोपलो काय मी?"

"ढाराढूर. घोरत होते."

"हं," तो म्हणाला, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत कपाशीच्या वावरांकडे बघत राहिला.

कान. रक्तदाब. खोकून दाखवा. पुन्हा खोका.

दवाखान्याचा म्हातारा कंपाउंडर वाहेदभाई स्टूल ओढून तिच्याजवळ बसला.

"भाभी, भाऊ खरंच इमान चालवते?"

"चालवत होते. आता पुन्हा चालवतीन."

"मंग अकोल्याले रस्त्यानं कायले आले? वरून आले असते तं गचके नसते लागले." स्वतःच्याच विनोदावर तो खूश झाला. "आमच्या इथं ट्रकवाले येतात तपासाले. लाल-हिरवं दिसत नाई, पन म्हन्तात, हॉर्न तं वाजवता येते ना!"

पौर्णिमा हसली.

गजेंद्रला झटके पहाटे येत. पहिला पोळ्यानंतर आला. दातखीळ, डोळे वर, टाचा पलंगावर आपटत. ती त्याला कुशीवर वळवी, तोंडाचा फेस पदरानं पुशी, उशीचा अभ्रा बदली. उजाडल्यावर चहा देई. यातला एक शब्द तिनं त्याला कधी सांगितला नव्हता.

सांगितलं तर विमान गेलं.

विमान गेलं तर आरती गेली.

आरती, एकुलती एक लेक. तिनं मुजम्मिलशी लग्न केलं, तेव्हा गजेंद्र कौंडण्यपूरला गेला आणि नदीकाठी डोकं भादरून जिवंत पोरीचे पिंड पाडून आला. उंबऱ्यातच म्हणाला, "मेली ते. नाव काढाचं नाई." त्याच वर्षी त्यानं उडणं सोडलं. आरती इथंच, अकोल्यात राहत होती. तिची लेक तुबा आता चालायला लागली होती. नातीला पौर्णिमानं पाहिलं होतं ते फक्त शेजारच्या इंदूबाईच्या मोबाइलवर.

"आई, मी घरी कधी येऊ?" आरती फोनवर दर वेळी विचारी.

"तुह्ये बाबा उडाले लागू दे. मंग ये."

पूर्वी विमानातून उतरला की गजेंद्र हसत घरी येई, मागाल ते देई. आरतीला ते दिवस आठवत होते.

"खरंच, आई?"

"हाव."

"वहिनी, जरा आत या," पडद्याआडून हाक आली.

डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली. गजेंद्र खिडकीकडे तोंड करून शर्टाच्या गुंड्या लावत होता.

"घरच्यांना मी एक प्रश्न विचारतो," डॉक्टर म्हणाले. "माणसाला स्वतःची झोप दिसत नाही, म्हणून. यांना झोपेत कधी झटका आलाय? अंग ताठ होणं, जीभ चावली जाणं, असं काही?"

पंखा कटकट करत फिरत होता.

"नीट आठवा. हे जमिनीवर झालं तर माणूस उठतो. वर झालं तर उठत नाही. नुसती शंका असली तरी सांगा. मी सही करणार नाही, एवढंच होईल."

"सांग," गजेंद्र न वळता म्हणाला. "लाजू नको."

त्याच्या मानेवर कॉलर दुमडली होती. तिनं उठून ती सरळ केली.

"नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "लेकरावानी झोपतात."

डॉक्टर तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दाराशी वाहेदभाईनं गाठलंच. "भाऊ, आमाले कधी बसवता इमानात?"

"तुमाले कावून मराची घाई झाली, भाई?" गजेंद्र म्हणाला, आणि दोघं मोठ्यानं हसले.

गाडीत तो मागच्या सीटवर बसला. पौर्णिमाला हायसं वाटत होतं. किती दिवसांनी असं वाटत होतं. तिनं किल्ली फिरवली.

"झालं बापा एकदाचं. आता सही झाली की..."

"सही नाई होत." तो शांतपणे म्हणाला. "आत गेल्या-गेल्या म्याच सांगतलं त्याईले, झटके येतात मनून. जीभ तं माहीच आहे, चावली की समजते मले. तुले फक्त एकडाव इचारून पाहा, मनलं."

इंजिन सुरू होतं. गाडी जागची हलली नव्हती.

"काल इंदूबाईच्या मोबाइलवरून आरतीशी बोललो. 'बाबा उडाले लागू दे, मंग ये,' मनलं तू तिले. रस्ता सांगतो, मले तिथं सोड अन् तू जाय अमरावतीले. आजपासून मी पोरीच्या घरी निजीन."