जन्माआधीचं उत्तर

सातव्यांदा तीच चूक कॉम्प्युटरच्या पडद्यावर आली. तिने खुर्ची मागे ढकलली आणि डोळे चोळले. दुपारचे चार वाजले होते आणि सकाळपासून काम तसूभर पुढे सरकलं नव्हतं.

दोन खोल्यांचं ऑफिस, वडिलांचंच. शीतगृहातल्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहायचे. सगळ्या यंत्रांचा मूळ क्लास, म्हणजे ज्या साच्यावरून प्रत्येक यंत्राचा प्रोग्रॅम घडतो तो, बाबांनी वीस वर्षांपूर्वी लिहिलेला, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्याचा खाक्या लिहिणाऱ्यासारखाच. प्रोग्रॅममध्ये यंत्र घडायला लागलं रे लागलं की त्याला घडवणारा कोडचा तुकडा, कन्स्ट्रक्टर, विचारणार, तापमान चढलं तर काय करशील, आत्ताच सांग. जुन्या यंत्रांचं भागायचं, कारण भोंगा वाजवायचं एकच सामाईक काम सगळ्यांना पुरत होतं. नव्या यंत्राला मात्र स्वतःची तापमानाची मर्यादा बघून स्वतःची मेथड, म्हणजे स्वतःची कृती, चालवायची होती. ती मेथड कन्स्ट्रक्टरच्या हवाली करायला गेलं की कोड तपासणारा कंपायलर दारातूनच परत पाठवायचा.

खरं तर ती या कामालाच विटली होती. तीन आठवड्यांपूर्वी ती गुपचूप एका शाळेत गणिताच्या शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत देऊन आली होती. जीव लावून दिली होती. तिथून अवाक्षर नाही. घेतलं नसणार, असं धरून ती रोज इथे येऊन बसत होती. बाबांना सांगायचं कसं, हा प्रश्न तेवढा आपोआप मिटला होता. ती रांगत होती तेव्हाच ते 'पुढे हीच बघेल सगळं' असं चारचौघांत सांगून मोकळे झाले होते.

बाबा चष्मा पुसत मागे येऊन उभे राहिले. क्लासमध्ये खोट नाही, तुझंच कुठेतरी चुकतंय, हे त्यांचं ठरलेलं म्हणणं त्यांनी म्हणून घेतलं.

"बाबा, हे यंत्र अजून जन्मालाच आलेलं नाही," ती थकून म्हणाली. "त्याआधीच तुम्ही विचारताय, तू काय करणार. उत्तर द्यायला तिथे आहे कोण?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग तिला उठवून स्वतः बसले. कन्स्ट्रक्टरमधला प्रश्न त्यांनी काढून टाकला आणि क्लासमध्ये एक मेथड रिकामी सोडली. ज्या त्या यंत्राने आपापली भरावी. प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला. तिला आनंद व्हायला हवा होता. नुसतं हायसं वाटलं.

बाबा खुर्चीतून उठले नाहीत.

"शाळेतून फोन आला होता," ते कीबोर्डकडे बघत म्हणाले. "तुझा लागेना म्हणून इथे केला. मागच्या सोमवारी. मी सांगून टाकलं, ती येणार नाही."

त्यांनी टेबलावरचा फोन ओढला, नंबर लावला आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरला.

"जागा राहिलीय का, माहीत नाही. राहिली असेल तर तुझं तू सांग."