हिरव्या कुकीज

गद्रेकाकांनी पिठात ग्रीन टीची पूड काकूंच्याच हिशेबाने घातली, पोह्याचा चमचा शिगोशीग भरून. कुकीज कडू होणार हे ठाऊक होतं, पण माप कमी करवेना.

सोसायटीच्या नाताळ पार्टीला काकू दरवर्षी ह्या हिरव्या कुकीज हौसेने न्यायच्या. लोक भिडेखातर एकेक उचलायचे आणि बशीतच ठेवून द्यायचे. काकूंची पाठ वळली की काका त्या रुमालात गुंडाळायचे आणि दुसऱ्या दिवशी बागेतल्या बाकावर बसून संपवायचे. रिकाम्या बशा बघून काकू म्हणायच्या, "बघितलंत? एकही उरली नाही."

काकू गेल्यानंतरची ही पहिलीच पार्टी. काका रुमाल खिशात घालूनच आले.

समोरच्या फ्लॅटमधल्या लोपीसबाईंनी एक कुकी उचलली, सावकाश पूर्ण खाल्ली आणि दुसरी घेतली. मग शेजारीपाजारी एकेक करून पुढे आले. कुणी तोंड वाकडं केलं नाही.

शेवटी काका सगळ्या बशा पाहून आले. तुकडासुद्धा नव्हता.

"काही शोधताय का?" लोपीसबाईंनी विचारलं.

रिकाम्या रुमालाची घडी घालत काका म्हणाले, "खरंच एकही उरली नाही हो."