वापरणाऱ्याचं नाव

अप्पांनी धारूरच्या आमच्या कापड दुकानामागच्या खोलीत कंप्यूटर आणून ठेवला. म्हणाले, "ईश्वरे, त्यात जुनं कायीच ठेवू नको, समदं नवं टाक."

मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून लिनक्स ही कंप्यूटर चालवणारी प्रणाली टाकता टाकता दिवाळी उलटली. गावात विचारायला कुणीच नव्हतं. कंप्यूटरनं वापरणाऱ्याचं नाव मागितलं, तिथं मी 'ईश्वरी' लिहिलं. शेवटी प्रोग्राम लिहायचं सगळ्यात नवं सॉफ्टवेअरही बसलं. माझा पहिला प्रोग्राम चालला, तशी मी अप्पांना हाक मारली.

त्यांनी पडद्यावरचं माझं नाव सावकाश वाचलं.

"ब्येस केलंस, बाई. तुझी सोयरीक जमली. लातूरच्या पाहुण्यांनी लग्नात कंप्यूटर मागितलाय. तेवढं तुझं नाव काढ अन् जावई सिद्धारामरावांचं टाक."