कांडणारा

फुफूच्या मऊ गोळ्यासाठी उकडलेला कसावाचा कंद कांडताना सेरवामावशींच्या डाव्या हाताचं बोट उखळीत चेचलं. कुमासी शहरातल्या दवाखान्यात तरुण डॉक्टर बोआदूने त्यांच्या मनगटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, पडद्यावर मज्जातंतू शोधला आणि त्याच्या कडेला सुई देऊन बोट बधिर केलं.

"आता दुखतंय, मावशी?"

"नाही रे, बाळा. काहीच कळत नाही."

टाके घालता घालता तो कुरकुरला, "एकाने मुसळ मारायचं, दुसऱ्याने मधल्या मधे गोळा फिरवायचा. तुमचं तर सगळं आयुष्य त्यात गेलं. मग कांडणाऱ्याचं लक्ष कुठे होतं? बाहेर बसला असेल, तर बोलवा त्याला आत. चांगला झापतो."





"मलाच झाप. मुसळही माझ्याच हातात होतं."