निळ्या खुर्चीची फेरी

कंपनीच्या बारामतीच्या कारखान्याला वैदेहीने सकाळीच पैकीच्या पैकी गुण दिले होते. कुठं अडगळ नाही, वाया गेलेली इंचभर जागा नाही. दोन वर्षं घसा कोरडा केल्याचं काहीतरी फळ. आता इंदापूरच्या कारखान्याची तपासणी. वाटेत भिगवणला ती चहाला थांबली, तर समोरच्या टेम्पोत एक पाय मोडलेली निळी खुर्ची. तिच्यावर लाल चिठ्ठी : ‘भंगारात काढा.’ अक्षर वैदेहीचंच, तारीख गेल्या वर्षीची.

“मामा, हा माल कुठला?” तिने टेम्पोवाल्याला विचारलं.

“कंपनीचा. तपासणीवाल्या मॅडम बारामतीत असल्या की तितलं भंगार इंदापूरला न्यायाचं. त्या इंदापूरला निघाल्या की समदं उचलून बारामतीला. दोन वरसं झाली, पाच मिनिटं उशीर न्हाय, का एक फेरी रिकामी न्हाय.”

माल वेळेवर हवा, फेरी वाया जायला नको. दोन वर्षं ती कारखान्याकारखान्यात हेच तर सगळ्यांकडून घोकून घेत होती.

“दोरी जरा आवळा, खुर्ची पडेल,” ती म्हणाली.

“व्हय. तुमी कुनीकडं निघालाय, ताई?”

“इंदापूरला.” तिने गार झालेला चहा संपवला. “माझी मात्र रिकामीच फेरी आहे, मामा.”