सदर काचघर

काचघर एकतीस तारखेला सकाळी अकरा वाजता पाडण्यात आलं. पाडणारा सुतार तोच, ज्याने ते बांधलं होतं. हे तूर्त कुणी मनावर घेऊ नये. आज चोवीस तारीख आहे, काचघर परसात उभं आहे, आणि सुतार त्याच्या छपराला झडप बसवतोय. पाडायचं कुणाच्या स्वप्नातही नाही.

आत साहेबांची बायको खरबुजाला झोळी बांधत होती. झोळी साहेबांच्या जुन्या बनियनची. दोन हिवाळे तिने उघड्यावर वेल लावले, दोन्ही थंडीने गेले, म्हणून हे काचघर : जुन्या खिडक्यांच्या चौकटी, दोन फळ्या, एक थर्मामीटर. आत मधमाशी फिरकत नव्हती, त्यामुळे नरफूल मादीफुलावर घासायचं कामही तिनेच केलं होतं. पाच फुलांत एक फळ धरलं. ते पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला पिकणार होतं. त्या तारखेभोवती तिने कॅलेंडरवर गोल काढला होता. लग्नाच्या वाढदिवसाभोवती असा गोल आजवर कुणी काढला नव्हता.

साहेब परसात आले ते टेप घेऊनच. बांधकाम खात्यात ते तीस वर्षं निरीक्षक होते. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना त्यांचीच कापडी टेप भेट दिली, कारण नव्या माणसाला ती नको होती. कुठलंही बांधकाम नव्वद दिवसांनी तपासायचं, हा नियम. तो स्वतःच्या परसालाही लागू आहे, हे त्यांनी आज नाश्त्याला जाहीर केलं होतं.

“मिस्त्री, टोक धरा.”

सुतार खाली उतरला आणि त्याने टोक कुंपणाच्या भिंतीला लावलं. साहेबांनी टेप काचघरापर्यंत ताणली. चष्मा वर केला, खाली केला.

“ब्याण्णव.”

“मीटरभर सोडलंय साहेब. मोजून.”

“नियम मीटरचाच आहे. भरतंय ब्याण्णव. आठ सेंटिमीटर कमी.”

सुताराने खिशातून स्टीलची टेप काढली. तीत बरोबर शंभर भरले. मग त्याने दोन्ही टेपा शेजारी शेजारी जमिनीवर ठेवल्या. स्टीलवर जिथे शंभर होतं, तिथे कापडावर ब्याण्णव.

“ताणली गेलीय,” बायको आतून म्हणाली. “तुमच्या बनियनसारखी.”

“त्यांची आखडली असेल,” साहेब म्हणाले.

“स्टील आखडत नाही साहेब.”

“थंडीत आखडतं.”

“आठ सेंटिमीटर?”

सुतार उकिडवाच बसून राहिला.

“साहेब, माझ्या कारखान्यामागची शेड तुम्ही पाडायला लावली होती. ती किती कमी भरली होती?”

साहेबांना प्रत्येक शेड आठवायची.

“आठ.”

“आठच,” सुतार म्हणाला. “तेव्हा मी घरी सांगितलं, माझाच हात चुकला. तेव्हापासून सगळं दोनदा मोजतो.”

साहेबांनी कापडी टेप गुंडाळायला घेतली. ती गुंडाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

“एकशे बारा बांधकामं पाडलीत मी या टेपने,” ते म्हणाले. “टेप बरोबर आहे.”

ते घरात गेले आणि नोटीस घेऊन आले. मुदत सात दिवस. काचेवर वाफ धरली होती, कागद चिकटेना. शेवटी त्यांनी तो खरबुजाच्या झोळीला टाचणीने लावला.

बायकोने वाचला. “अहो, ही बजावलीत कुणाला?”

“मालकाला.”

“म्हणजे तुम्हाला.”

“पोचही घेतलीय. खाली सही आहे बघ.”

“तीन तारखेपर्यंत थांबा. मग काचा मी स्वतः काढून देते.”

“मुदत एकतीसची आहे.”

“तीन दिवस मागतेय, अहो. काचघर नाही मागत.”

साहेबांनी सुताराकडे पाहिलं. सुतार परत शिडीवर चढला होता.

“तुला तीन दिवस दिले,” ते हळू आवाजात म्हणाले, “तर त्यांना काय सांगू?”

तिने झोळीची गाठ पुन्हा घट्ट केली.

“मुदतवाढीचा अर्ज कर,” साहेब म्हणाले. “रीतसर.”

“कुणाकडे?”

साहेबांनी चष्मा पुसला. “माझ्याकडे नाही करता येणार. मी निवृत्त आहे.”

वर सुताराने झडपेचा शेवटचा स्क्रू पिळला. झडप उघडून पाहिली, लावून पाहिली, मग पुन्हा एकदा उघडून पाहिली. उत्तम बसली होती.

बायकोने बादली उलटी केली आणि तिच्यावर बसली. बियांच्या पाकिटांवर नावं लिहायची पेन्सिल कानावरून काढली, नोटीस झोळीवरून सोडवली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं :

‘ज्या कुणाला अधिकार असेल त्यांस. सदर काचघरातील एका खरबुजास तीन दिवस कमी पडत आहेत. तरी चालू महिना एकतीसऐवजी चौतीस दिवसांचा करण्यात यावा. साहेबांच्या टेपने मोजल्यास तो एकतीसच भरेल, त्यामुळे कोणत्याही नियमाचा भंग होणार नाही. कृपया मंजुरी मिळावी, ही विनंती.’